ह्यात बसंल का?

आज दुपारी बँकेत गेले होते. लॉकरच्या कागदावर एक सही राहिली होती. पाच मिनिटांचं काम, सव्वा तास लागला. पण ही पोस्ट त्याबद्दल नाही.

माझ्या पुढे एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी. पिशवीतून मेथीची पानं डोकावत होती, म्हणजे मंडईतून उठूनच आल्या असणार. त्यांना पासबुकात नोंदी करून हव्या होत्या, तेवढंच. काचेपलीकडचा मुलगा चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. हसून म्हणाला, "मावशी, पासबुकाचं मशिन बंद आहे. ॲप टाकून घ्या ना, सगळं घरबसल्या दिसतं."

मावशींनी कमरेची चंची सोडली. आतून बटणांचा फोन निघाला, मागचं झाकण पडू नये म्हणून रबरबँड लावलेला. तो त्यांनी काचेखालच्या फटीतून आत सरकवला आणि विचारलं, "ह्यात बसंल का?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. मुलगा हसला. मी पण हसले. आणि हसता हसता आत्या आठवली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मग मुलानं त्यांना मोबाईल नंबर नोंदवायचा फॉर्म दिला, तो मी भरून दिला. त्या फॉर्मचं नंतर सांगते. आत्ता लगेच सांगवत नाही.

घरी येऊन चहा टाकला तर शाळेच्या ग्रुपवर शहाळेवाल्याचा फोटो. गाडीवर क्यूआरची पाटी, आणि खाली आपल्याच एका हुशार मित्रानं लिहिलंय, "क्रांती तळागाळात पोचली, आता तरी रडणं थांबवा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. बाबांनो, हा शहाळेवाला कर्वे रस्त्यावर उभा आहे. तिथं कुठेही तोंड करून उभं राहिलं तरी फोनच्या सगळ्या काड्या भरतात. तळ आणि गाळ दोन्ही बघायचे असतील तर एकदा माझ्याबरोबर भोरच्या पुढे चला.

आत्याची वाडी नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आहे, वरंधा घाटाकडे जाताना रस्ता सोडून वर चढायचं. पुण्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटर. धरण आमच्या उशाला आणि पाणी खाली फलटण-माळशिरसला. टॉवरही खालीच. वाडीत फोन लागतो तो एकाच ठिकाणी, देवळामागच्या चढावर एक मोठा दगड आहे तिथं. पूर्वी त्यावर गुराखी बसायचे, आता त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. शेजारी जांभूळ आहे. तिच्या फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन फोन कायम टांगलेले. वाजला की जो जवळ असेल तो पळत जातो, घेतो, आणि ज्याचा असेल त्याच्या नावानं खाली हाक मारतो. आत्या दर रविवारी संध्याकाळी पाचला दगडावर येते आणि मला फोन करते. गुडघे दुखतात तरी येते. वय ७१.

आता मुद्द्याचं. आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. ते थांबले. का थांबले ते कुणी सांगितलं नाही, कुणीतरी म्हणालं आधारची पडताळणी राहिलीय. गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळची एसटी पकडायला ती अंधारात वाडी उतरली आणि तालुक्याच्या गावातल्या एका सेवा केंद्रात जाऊन बसली. मुलानं तिचा अंगठा लावून बघितला. लागला नाही. डावा लागला नाही, बाकीची बोटं लागली नाहीत. लागणार कशी? पन्नास वर्षं भात लावलाय त्या बोटांनी, रेषा कधीच झिजून गेल्यात. "थम घेत नाहीये आज्जी, ओटीपीनं करू," मुलगा म्हणाला.

ओटीपी कुठं जाणार? आधारला आधी नंबर होता काकांचा. काका गेले, सिमला रिचार्ज कोण मारणार, बंद पडलं. पुढे तोच नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. मग मीच शहाणपणा करून आत्याच्या आधारला माझा नंबर जोडून घेतला होता. म्हटलं, काळजी नको, मी आहे ना.

अकरा चाळीसला ओटीपी माझ्या फोनवर आला. मी मीटिंगमध्ये होते, महत्त्वाची मीटिंग. फोन पालथा आणि मुका. पाठोपाठ केंद्राच्या नंबरावरून तीन मिस्ड कॉल. आधारचा ओटीपी दहा मिनिटं जगतो. मुलानं बिचाऱ्यानं पुन्हा पाठवला, तोही मेला. मी फोन उलटा केला तेव्हा बारा पंचवीस झाले होते आणि आत्या एकच्या गाडीसाठी स्टँडवर गेली होती. ती चुकली असती तर मुक्कामच.

योजनेचं नाव बघा. श्रावणबाळ. आणि श्रावणबाळ मीटिंगमध्ये.

(हसा. मी पण हसले होते बँकेत.)

आता मला माहितीये खाली काय काय येणार आहे. "टॉवर येतील हळूहळू." "उपग्रहावरून नेट येतंय, थोडा धीर धरा." धीर? २०११ साली सरकारनं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायचं ठरवलं. पुढे त्याचंच भारतनेट झालं. मुदती येत गेल्या, जात गेल्या. आणि समजा झालं सगळं, तरी फायबर येणार पंचायतीच्या दारात. पंचायत खालच्या गावात. आत्या वर. मधला चढ कोण जोडणार?

आणि टॉवर आला म्हणून आत्याचा अंगठा उमटणार आहे का? नेट नसणं ही तिची अडचण आहेच, पण ती जुनी आहे, तिची तिला सवय आहे. ह्याच बाईनं नेटशिवाय तीन पोरं वाढवली, शेती केली, काकांचं दुखणं काढलं. तिला आज जे छळतंय ते हे, की आमच्याकडे नेट आलं आणि आम्ही तिचं दार बंद करून टाकलं. पूर्वी तलाठी होता, पोस्टमन होता, अर्ज होता, खाली डावा अंगठा शाईत बुडवून उठवला की काम पुढे सरकायचं. कागदावर रेषा झिजलेल्या का असेनात, काळा ठिपका उमटायचा आणि तो चालायचा! आता मशिन म्हणतं, ही बाई ती बाई नाहीच. समोर अख्खी बसलीय, घाम पुसतेय, मुलगा तिला नावानिशी ओळखतो, तिच्या हातची भाकरी खाल्लीय त्यानं. तरी नाही.

हो, ठीक आहे, मान्य. तो तलाठ्याचा जमानाही काही रामराज्य नव्हता. चहापाण्याशिवाय कागद हलायचा नाही, मनीऑर्डर आली की पोस्टमनच्या हातावर दहाची नोट ठेवावी लागायची, आणि मेलेल्या माणसांच्या नावानं पैसे उचलणारे महाभाग आमच्याही गावात होते. थेट खात्यात पैसे आले हे चांगलंच झालं. लिहिलं. झालं समाधान?

पण दहाची नोट देऊन काम व्हायचं. आता नोट कुणाला देऊ? सर्व्हरला?

मध्यंतरी फोन लावला की आधी कानात सूचना वाजायची की ओटीपी कोणालाही सांगू नका. बरोबरच आहे, लोक लुबाडले जातायत. पण माझ्या आत्याचं पेन्शन ह्यावरच उभं आहे की ओटीपी मी केंद्रातल्या मुलाला सांगायचा, त्यानं मशिनला सांगायचा, आणि आत्यानं दोघांवर विश्वास ठेवून बाकावर बसून राहायचं. सूचना पाळणारी माणसं वेगळी आणि त्या सूचना मोडल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही ती वेगळी. अशी आता दोन गावं झालीत आपल्याकडे.

आणि रिचार्ज! २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा फुकट नेटची काय दिवाळी होती आठवतंय? आत्याच्या पोरानं तिला तेव्हाच फोन घेऊन दिला होता. आता दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर आउटगोइंग बंद, आणखी काही दिवसांनी इनकमिंगही बंद. तिला नेट नकोय, रील नकोत. तिला रविवारी पाचला भाचीशी बोलायचंय. नुसत्या बोलण्याचे पॅक काढा म्हणून ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, कंपन्यांना २०२४ च्या डिसेंबरात नियमानं सांगावं लागलं. म्हणजे बघा, फोनवर फक्त बोलणारी माणसं ह्या देशात आहेत हे नियम करून आठवून द्यावं लागतं.

बायकांचं तर काय बोलायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलंय का. पुरुषांत १०० पैकी ५७ हो म्हणाले. बायकांत ३३. एकदा तरी, आयुष्यात! आणि ही पाहणी पन्नाशीच्या आतल्या बायकांची होती. आत्या त्यात धरलेलीही नाही.

अंगणवाडीच्या ताईंचं आठवतंय? २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर सरकारी मोबाईल परत करायला सुरुवात केली. फोन गरम व्हायचे, बंद पडायचे, आणि पोषणाच्या नोंदी भरायचं ॲप इंग्रजीत. तेव्हा टीव्हीवर चर्चा काय, तर सेविकांना तंत्रज्ञान नको आहे. अरे, ती बाई सहा वर्षांच्या आतल्या अख्ख्या गावाची वजनं तोंडपाठ सांगते! तिला यंत्र नको होतं असं नाही, तिला तिच्या भाषेत बोलणारं आणि दुपारपर्यंत टिकणारं यंत्र हवं होतं. आणि रोजगार हमी, जी ह्या महाराष्ट्रानं सत्तरच्या दशकात दुष्काळातून उभी करून देशाला दाखवली, तिच्यावर २०२३ च्या जानेवारीपासून ॲपवर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी. खड्डा खणलाय तो समोर दिसतोय, पण फोटो चढला नाही तर हजेरीचे वांधे.

आणखी एक राग. लॉकडाऊनमध्ये कोकणातली एक मुलगी भर पावसात डोंगरावर खोपटं बांधून त्यात ऑनलाइन वर्ग करत होती, कारण घरात रेंज नव्हती. आपण सगळ्यांनी ती बातमी शेअर केली होती. "जिद्दीला सलाम." मी पण केली होती, हात जोडलेल्या चित्रासकट. आज वाटतं, सलाम कसला? त्या पोरीला खोपट्यात बसावं लागलं ह्याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. आपण ज्याची लाज वाटायची त्याचं कौतुक करून मोकळे होतो. फार सोपं असतं ते.

थांबा, रागाच्या भरात मी फारच साळसूद होत चाललेय. म्हणून हेही लिहिते. २०२१ चा मे महिना. अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांची लस सुरू झाली, पण कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, स्लॉट घेतल्याशिवाय नाही. पुण्यात मिळेना. ऑफिसमधल्या पोरांनी युक्ती शिकवली की आसपासच्या तालुक्यांचे पिनकोड टाकत राहायचं, बोट तयार ठेवायचं. मला मिळाला स्लॉट. कुठं? भोरच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. गाडी काढली, एसी लावून गेले, टोचून घेतलं, येताना धरणाजवळ फोटो काढला. केंद्राबाहेर गावातली माणसं उभी होती. त्यांच्याच गावातली लस, आणि रांगेत सगळ्या पुण्याच्या गाड्या. एक म्हातारा नर्सला विचारत होता, आमच्या पोरांचा नंबर कधी. ती म्हणाली, मोबाईलवर बुक करा बाबा. मी ते ऐकलं आणि काचा वर केल्या.

म्हणून मला कुणी सांगू नका की दरी वगैरे नाही. मी ती दरी ओलांडून पलीकडचं खाऊन आलेय.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ३० एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कलम २१. प्रकरण होतं ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचं आणि अंधांचं. ओळख पटवायचं ॲप म्हणायचं, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावा. ज्यांचे डोळेच जळलेत त्यांनी काय मिचकावायचं? हे ज्यांनी बनवलं ते दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तसा माणूस कधी आलाच नाही, एवढंच. जसं बँकेतल्या त्या मुलाच्या मनातही आलं नाही की समोरच्या बाईकडे ॲप बसेल असा फोन नसेल.

माझ्या मैत्रिणीचा नवरा नैरोबीत होता काही वर्षं. तो सांगायचा, तिथं भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं एमपेसावर, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या-घ्यायच्या सोयीवर, चालतं आणि त्याला स्मार्टफोन लागत नाही, नेटही नाही. साध्या बटणांच्या फोनवर, २००७ पासून. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर केनियात केव्हाच "हो, बसतं" असं दिलेलं आहे. आपल्याकडेही *९९# आहे, साध्या फोनवरून बँकेचं काम होतं त्यानं. कुणी कधी सांगितलंय का तुम्हाला? त्या मुलानं मावशींना नाही सांगितलं. मलाही रांगेत उभं असताना नाही आठवलं, आत्ता आठवतंय. आणि केनियातही बायका मागेच आहेत म्हणे, उगाच स्वर्ग दाखवत नाही.

बरं. आता तो फॉर्म.

नाव, पत्ता, खातं, सगळं भरलं. मोबाईल नंबरपाशी आलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा फोन पोराचा जुना हाय, सिम कवा बंद पडंल नेम न्हाई. तुमचाच टाका की ताई. काय आलं तर सांगा मला, मी मंडईतच असते, पालेभाजीच्या लायनीत."

इतक्या सहज. ओळख ना पाळख, मी लॉकरवाली बाई, आणि ती मला तिच्या खात्याची किल्ली देत होती. मी सांगितलं की असं करू नका मावशी, कुणालाही असा नंबर जोडू देऊ नका, फसवतात लोक. हे सगळं खरंच आहे. पण मी नाही म्हटलं ते काही त्यांच्या भल्यासाठी नाही. मला माहीत होतं की मी फोन उचलणार नाही.

कारण ती मीटिंग. महत्त्वाची म्हटलं ना मगाशी? ती गणपतीची होती. ऑफिसच्या गणपतीत पारंपरिक पोशाखाचा दिवस कुठला ठेवायचा, आरतीच्या दिवशी की विसर्जनाच्या. बावन्न मिनिटं चालली. फोन टेबलावर पालथा होता, थरथरला तेव्हा मला कळलं होतं. मी बघितलं नाही. नंतर आत्याला रविवारी म्हटलं, "अगं, आधी सांगायचं ना येणार आहेस ते!" जरा चढ्या आवाजातच. ती म्हणाली, "सांगनार हुते गं, पर दगडावर पाऊस हुता."

केंद्रातल्या मुलानं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत, काम झालंच नाही म्हणून. तर हिनं त्याला पिशवीतल्या दोन काकड्या दिल्या. उरलेल्या माझ्यासाठी होत्या. कुणाकुणाच्या हातून त्या तिसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत आल्या, मऊ पडलेल्या. मी कोशिंबीर केली. खाववली नाही, पण टाकवलीही नाही.

दिवाळीत रजा टाकून गेले, तिला गाडीत घालून केंद्रात नेलं, शेजारी बसले. ओटीपी आला. चाळीस सेकंदांत काम. मुलगा म्हणाला, "बघा आज्जी, किती सोपंय." खरंच सोपं होतं. त्यासाठी फक्त एक भाची लागते, तिची गाडी लागते आणि तिच्या साहेबाची परवानगी. मधल्या महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.

एवढं सगळं लिहून काय होणार, माहिती नाही. टॉवर बांधा, फायबर टाका, उपग्रह सोडा, सगळं करा, मी कशाच्याच आड येत नाही. मी नेटवरच पोट भरते. पण एक खिडकी कागदाची ठेवा. एक माणूस ठेवा जो म्हणेल, ही बाई मला माहितीये, हिचं काम करून टाका. आणि त्या म्हणण्याला किंमत असू द्या.

हे सगळं आज रात्रीच लिहायला बसले कारण परवा माझ्या फोनवर मेसेज आलाय. आत्याच्या नावाचा. पुन्हा एकदा पडताळणी करून घ्या, नाहीतर लाभ थांबेल. आला तो माझ्याकडे, तिला पत्ताच नाही. मघापासून चार वेळा फोन लावला, लागत नाही. जांभळीची पिशवी पावसामुळे काढून ठेवली असणार. आज शुक्रवार.

तर मंडळी, उद्या-परवा भोरवरून वरंध्याच्या रस्त्यानं कुणी जाणार असेल तर इनबॉक्स करा. धरणाच्या पुढे रस्त्यालगत एक चहाची टपरी आहे, तिथं एक चिठ्ठी द्यायची, तो माणूस वर पोचवेल. कागदाची चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरात लिहिलीय, चौथीपर्यंत शिकलीय आत्या, वाचेल. सोमवारी सकाळच्या गाडीनं ये, असं लिहिलंय. मी दिवसभर फोन हातात धरून बसते.